जांघ, काख आणि नाजूक जागेची स्वच्छता: घर सोडून पहिल्यांदा रूमवर राहणाऱ्या मुलांसाठी

जून-जुलैत जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडची मुलं शिकायला नाहीतर एमआयडीसीत कामाला म्हणून सांगली-मिरजेत येतात आणि रूम करून राहतात. मेस कुठली चांगली, भाडं किती, बसचा पास कसा काढायचा, हे सगळं कुणीतरी सांगतं. जांघेत खाज सुटली तर काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. वडिलांशी हे बोलणं होत नाही, मित्रांत काढलं तर चेष्टा होते. मग रात्री खाजवायचं, दिवसा दडवायचं आणि शेवटी मेडिकलच्या काउंटरवर हळू आवाजात "खाजेवर काहीतरी द्या" म्हणायचं. तिथून जी ट्यूब हातात पडते तिच्यामुळे साधं गजकर्ण वर्ष-वर्ष चिघळत राहतं.

मी यातून गेलोय. आमच्या रूमवर एकाला झालेलं गजकर्ण पावसाळा सरेपर्यंत सगळ्यांना फिरून आलं. पुढे त्वचेच्या डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितलं, तेव्हा कळलं की यातलं निम्मं काम फक्त कोरडं राहण्याचं आहे. तेव्हापासून जे शिकलो ते इथे क्रमाने देतोय. शब्द सरळच वापरणार आहे. आडून बोलण्यापायीच हा सगळा घोळ होतो.

१. आधी सामान

- सुती चड्ड्या, आठवड्याला पुरतील एवढ्या
- दोन पंचे. जाड टॉवेल पावसाळ्यात वाळतच नाही. पंचा रात्रीत पंख्याखाली सुकतो.
- साधा अंगाचा साबण, स्वतःचा
- कॅप असलेला ट्रिमर आणि बोथट टोकाची छोटी कात्री
- तुरटीचा खडा
- इस्त्री (रूमवर सगळ्यांत मिळून एक पुरे)

काय आणू नये तेही सांगतो. पुरुषांसाठीचे म्हणून जे महागडे इंटिमेट वॉश निघालेत त्यांची अजिबात गरज नाही. जखमेवर लावायचं जंतुनाशक पाण्यात मिसळून तिथे ओतायचं नाही, कातडी भाजल्यासारखी होते. सुगंधी पावडरचा थर घामात भिजून जांघेत लगदा होतो, आणि तो घासून आणखी सोलवटतं.

२. अंघोळ

रोज एकदा, आणि घाम गाळणारं काम किंवा व्यायाम असेल तर दोनदा. पाणी गार किंवा कोमट असू द्या. कडकडीत पाण्याने खाजेला तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण कातडी कोरडी पडून खाज वाढते. साबणाचा फेस हाताने लावा. जांघेत आणि अंडकोषावर घासणी किंवा दगड लावू नका. अंडकोष उचलून खालची बाजू धुवायला पुष्कळ जण विसरतात, आणि घाम तर तिथेच साठतो. शौचाची जागा सगळ्यात शेवटी धुवा. साबण बाहेरूनच लावायचा, बोटाने आत घालायचा नाही.

महिन्यातून एकदा, अंघोळ झाल्यावर कातडी सैल असते तेव्हा, दोन्ही गोट्या हलक्या हाताने चाचपून बघा. एक थोडी मोठी असणं, एक थोडी खाली असणं हे नेहमीचंच. मागच्या बाजूला मऊ दोरीसारखं काहीतरी लागतं, तेही सगळ्यांना असतं. पण गोटीवरच कडक, न दुखणारी गाठ लागली तर आठवड्याच्या आत सर्जनला दाखवा. ती गोटीच्या कर्करोगाची असू शकते. हा कर्करोग तरुण मुलांमध्येच जास्त दिसतो आणि लवकर सापडला तर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो.

आणि अचानक एका गोटीत जीव कासावीस करणारी कळ आली, सोबत उलटी झाली, तर सकाळची वाट बघू नका. गोटीला पीळ पडलेला असू शकतो. साधारण सहा तासांत ऑपरेशन झालं तर गोटी वाचते. रात्री दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टीत जा.

३. पुढची कातडी

सुंता झालेली नसेल तर अंघोळीत कातडी जेवढी सहज मागे जाते तेवढी न्यायची, आतला पांढरा मळ साध्या पाण्याने धुवायचा, हलकेच टिपायचं आणि कातडी परत पुढे आणायची. हा मळ म्हणजे रोग नव्हे. गळालेली त्वचा आणि तेलकट स्राव मिळून तो होतो. दोन-तीन दिवस धुतलं नाही की वास येतो, आणि बरेच दिवस राहिला की जळजळ सुरू होते. आत साबणाची सहसा गरज पडत नाही. लावलाच तर सौम्य लावा आणि पूर्ण धुऊन काढा.

कातडी परत पुढे आणणं कधीही विसरू नका. मागे अडकून राहिली तर पुढचा भाग सुजतो, सूज वाढली की कातडी आणखी आवळते आणि रक्तपुरवठा तुटायला लागतो. परत येत नसेल तर लगेच दवाखाना.

लहान मुलांत ती कातडी चिकटलेलीच असते आणि वाढत्या वयात आपोआप सुटते, म्हणून घरातल्या लहान भावाची किंवा पुतण्याची कातडी जोर लावून मागे ओढू नका. मोठेपणीही मागे जात नसेल, लघवीच्या वेळी फुगत असेल किंवा दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा. मलमाने बऱ्याच जणांचं काम भागतं, सुंता करायची वेळ सगळ्यांवर येत नाही.

घरातल्या मोठ्यांसाठीही एक सांगून ठेवतो. चाळिशीच्या पुढच्या माणसाच्या या कातडीला वारंवार चिरा पडत असतील, लाल होऊन पांढुरका थर येत असेल, तर आधी रक्तातली साखर तपासा. अनेकांचा मधुमेह असाच पहिल्यांदा उघडकीस येतो. मधुमेहावरच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यामुळे तिथे बुरशी धरायचं प्रमाण वाढतं. गोळी मनाने बंद करायची नाही, पण हा त्रास डॉक्टरांना सांगायचा आणि दर लघवीनंतर पाण्याने धुऊन टिपायचं. वडील हे स्वतःहून सांगणार नाहीत. गावी गेलात की तुम्हीच विचारा.

४. ओल घालवणं

हीच खरी पायरी. बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा.

गजकर्णाची बुरशी कातडीच्या वरच्या मेलेल्या थरावर जगते. तिला ऊब आणि ओल लागते. जांघेत कातडीवर कातडी असते, वर चड्डी, तिच्यावर जीन्स, आणि बाहेर पावसाळी दमट हवा. म्हणून अंघोळीनंतर पंचाने जांघ टिपायची, घासायची नाही. मग लुंगी किंवा दुसरा कोरडा पंचा गुंडाळून पाच-दहा मिनिटं पंख्याखाली बसा. कॉलेजला उशीर होतोय म्हणून ओल्या अंगावर चड्डी चढवली की दिवसभर ती ओल तशीच राहते.

पाय पुसलेल्या पंचाने जांघ पुसू नका. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत जे चिखल्यांसारखं पांढरं होऊन सोलतं, ते बऱ्याचदा याच बुरशीमुळे असतं आणि तिथूनच ती वर जांघेत येते. पायाला असं झालेलं असेल तर आधी मोजे घाला, मग चड्डी. म्हणजे चड्डी वर ओढताना पायाची बुरशी तिला लागत नाही. पायावरही त्याच वेळी उपचार करा, नाहीतर जांघ बरी होते आणि महिन्याभरात पुन्हा सुरू होतं.

चड्डी रोज बदलायची. कंपनीतून शिफ्ट करून घामाघूम होऊन आलात तर संध्याकाळी पुन्हा. काढल्यावर जांघेत इलॅस्टिकचा लाल वळ दिसत असेल तर ती घट्ट आहे. त्या काचाच्या जागीच कातडी सोलवटते आणि बुरशीला वाट मिळते. रात्री सैल हाफ पँट किंवा लुंगी. मैदानावर धावायला जाणाऱ्यांना घाम लवकर सुकणारं खेळाचं कापड चालतं, मात्र सराव संपला की ते लगेच उतरवायला हवं. ते घालूनच नाश्ता करून गप्पा मारत बसायचं नाही.

आता पावसाळ्यातला धुण्याचा प्रश्न. रूममधल्या दोरीवर चौघांचे कपडे एकावर एक, तीन-तीन दिवस ऊन नाही, आणि चड्डी हाताला सुकलेली वाटते पण इलॅस्टिकपाशी दाबली की गार लागते. ती तशीच घालू नका. उलटी करून इलॅस्टिक, शिवण आणि जांघेची पट्टी यांवरून गरम इस्त्री फिरवा, दोन्ही बाजूंनी. ओल जाते आणि बुरशीही बरीचशी मरते. ऊन पडलं की कपडे उलटे करून वाळत घाला. रूमवर कुणाला गजकर्ण असेल तर त्याचे कपडे वेगळ्या बादलीत, शक्य तेवढ्या गरम पाण्यात. चड्डी, पंचा, अंथरूण एकमेकांचं वापरायचं नाही, एका रात्रीसाठीसुद्धा नाही.

तालमीत जाणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचा. सराव झाल्यावर लंगोट पिळून तालमीच्या खुंटीला अडकवायचा आणि दुसऱ्या दिवशी अर्धवट ओला तोच बांधायचा, ही सवय फार जणांना आहे. शेजारच्या खुंटीवरचे लंगोट त्याला चिकटलेले असतात. लंगोट रोज साबणाने धुऊन उन्हात वाळवायचा, दोन ठेवायचे, दुसऱ्याचा कधीच बांधायचा नाही. अंगावर चट्टे असलेल्या गड्याने बरा होईपर्यंत जोड धरू नये आणि वस्तादांना तसं सांगावं. कुस्तीत अंगाला अंग घासतं, त्यामुळे एकामुळे अख्ख्या तालमीत पसरतं.

कृष्णेला पाणी आलं आणि आयर्विन पुलाजवळची पातळी चाळीस फुटांच्या पुढे गेली की नदीकाठच्या भागात पाण्यातून ये-जा सुरू होते. अशा पाण्यातून चालून आलात तर घरी येताच कंबरेपासून खाली साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्या आणि जांघ कोरडी करा, ओली पँट अंगावर सुकवू नका. पायाला जखम असेल तर डॉक्टरांना लेप्टोस्पायरोसिसच्या (असल्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) गोळीबद्दल विचारा.

५. केस

तिथले केस काढलेच पाहिजेत असं काही नाही. ते घाण नसतात, उलट घासण्यापासून कातडी वाचवतात. पण फार दाट असतील तर घाम अडकतो, म्हणून कमी करणं सोयीचं. माझं मत विचाराल तर कमी करा, तासू नका.

ट्रिमर वापरताना केस कोरडे हवेत. फार लांब असतील तर आधी कात्रीने कापा. कॅप लावा, ३ मिलिमीटरच्या आसपासची ठीक. अंडकोषावर कॅप काढून ट्रिमर फिरवू नका. तिथली कातडी सैल असते, पात्यात सापडते. एका हाताने कातडी ताणून धरा आणि घाई करू नका. दाढीचा ट्रिमर वेगळा ठेवा.

वस्तरा किंवा ब्लेड वापरायचंच असेल तर अंघोळीच्या शेवटी, केस मऊ झाल्यावर, भरपूर फेस लावून, नवं ब्लेड घेऊन, केस वाढतात त्याच दिशेने. एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवू नका. उलटं तासलं की केस कातडीच्या आत वळतो आणि तिथे केसतोड होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खुंट टोचून खाज येते, तेव्हा सैल सुती कपडे घाला. केसतोड झालं तर नखाने फोडू नका. कोमट पाण्याने शेक द्या. मोठं होत गेलं, ताप आला तर डॉक्टरकडे. ब्लेड दुसऱ्याचं वापरलं तर हिपॅटायटिस बी आणि सी होण्याचा धोका असतो. सलूनमध्ये काख करून घेतानासुद्धा नवीन ब्लेड डोळ्यांदेखत लावायला सांगा. दुकानदार वाईट वाटून घेत नाहीत.

केस काढायचं क्रीम अंडकोषावर आणि लिंगावर लावू नका. पायाला चालतं ते तिथे भाजतं.

६. काख

घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, कातडीवरचे जिवाणू तो तयार करतात. त्यामुळे न धुतलेल्या काखेत डिओ मारून उपयोग नाही. केस बारीक ठेवा, साबणाने धुवा, कोरडं करा आणि ओल्या तुरटीचा खडा दोन-तीनदा फिरवा. नुकतं ब्लेड लावलं असेल तर तुरटी दुसऱ्या दिवशी.

७. खाज सुटलीच तर

जांघेत गोल पसरत जाणारा लालसर चट्टा, कडेला उठाव आणि कोंडा, मध्ये थोडं बरं झाल्यासारखं, असं असेल तर ते बहुधा गजकर्ण, म्हणजेच नायटा. आता सगळ्यात मोठा सापळा.

मेडिकलवर विकल्या जाणाऱ्या अनेक ट्यूबांत तीन-चार औषधं एकत्र असतात: एक बुरशीवरचं, एक जिवाणूवरचं आणि एक स्टिरॉइड. स्टिरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, आणि माणूस खूष होऊन ट्यूब बंद करतो. पण स्टिरॉइडने तिथली प्रतिकारशक्ती दाबलेली असते, त्यामुळे बुरशी आतून पसरत राहते आणि आठवड्याभरात चट्टा दुपटीने उठतो. पुन्हा तीच ट्यूब. असं चालत चालत ते कंबर, ढुंगण, पोट इथपर्यंत जातं, कातडी पातळ होते आणि जांघेत कायमचे पांढुरके ओरखडे पडतात. अंडकोषाची कातडी तर हाताच्या कातडीपेक्षा स्टिरॉइड सुमारे चाळीस पट जास्त शोषून घेते.

म्हणून ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, हॅलोबेटासोल यांपैकी एक जरी नाव दिसलं तर ती परत द्या. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकताच येत नाहीत. तरी मागितल्यावर मिळतात, हे आपण सगळे बघतो. सॅलिसिलिक आम्ल असलेलं, लावल्यावर आग-आग होणारं मलमही जांघेत नको. आग झाली म्हणजे औषध लागू पडलं, असं मुळीच नाही.

डॉक्टरांनी फक्त बुरशीवरचं मलम दिलं तर ते चट्ट्यावर आणि चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं लावायचं. कातडी कोरडी झाल्यावरच लावायचं. खाज थांबली, चट्टा दिसेनासा झाला, तरी त्यानंतर किमान दोन आठवडे चालू ठेवायचं. उपचार सोडण्याची चूक सगळ्यात जास्त इथेच होते. पोटात घ्यायच्या गोळ्या मित्राच्या चिठ्ठीवरून आणू नका. त्यांतल्या काहींचा यकृतावर परिणाम होतो, काही इतर औषधांशी जुळत नाहीत. रूमवर ज्यांना झालंय त्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्या.

बरं झाल्यावर काळा डाग राहतो. तो काही महिन्यांनी फिका होतो. लिंबू चोळून किंवा गोरं करायचं क्रीम लावून घालवायला जाऊ नका.

८. प्रत्येक खाज गजकर्णाची नसते, आणि प्रत्येक पुळी रोग नसते

खाज रात्री वाढत असेल, हाताच्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती पुरळ असेल आणि लिंगावर किंवा अंडकोषावर कडक, खाजणाऱ्या गाठी असतील, तर ती खरूज. तिचं औषध वेगळं. मानेखाली सगळ्या अंगाला लावायचं असतं, आणि ते रूममधल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज नसली तरी.

लिंगाच्या बोंडीच्या कडेला ओळीने बारीक, न दुखणारे मोत्यांसारखे दाणे असतात. कातडीवर पिवळट-पांढरे ठिपकेही असतात. हे दोन्ही नैसर्गिक आहे, संसर्गाचं नाही, कुणाला लागत नाही. हे बघून घाबरलेली मुलं भिंतींवरच्या "गुप्तरोग, धातू जाणे, खात्रीशीर इलाज" अशा जाहिरातींचा नंबर फिरवतात आणि हजारो रुपये घालवून बसतात. झोपेत वीर्य जाणं हाही आजार नाही. त्या नंबरांना फोन करू नका.

जखम, पाण्याचे फोड, लघवीच्या वाटेतून पू, जांघेत गाठ, किंवा निरोधशिवाय संबंध आल्यानंतरची शंका, या गोष्टी मात्र लगेच दाखवायच्या. जखम दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका, सिफिलिसची पहिली जखम दुखत नाही. सरकारी रुग्णालयांत यासाठी "सुरक्षा क्लिनिक" असतं आणि आयसीटीसी केंद्रात (समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) एचआयव्हीची तपासणी मोफत होते. तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. माहितीसाठी १०९७ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

९. दवाखान्यात जाताना

सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. साताऱ्याकडच्या मुलांसाठी क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा आणि "त्वचा विभाग" एवढंच सांगा. खिडकीवर कारण सांगायची गरज नसते.

सोबत न्यायचं:

- आधार कार्ड आणि जुन्या चिठ्ठ्या
- आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा, संपलेल्यासुद्धा. मेडिकलवरून आणलेली लपवू नका, डॉक्टरांना तीच आधी बघायची असते.
- चालू असलेल्या गोळ्यांची नावं
- चट्टा कमी-जास्त होत असेल तर मोबाइलमध्ये काढलेला फोटो

त्या दिवशी अंघोळ करून, सैल कपड्यांत आणि मलम न लावता जा. डॉक्टर कधी कधी चट्ट्याच्या कडेचा कोंडा हलकेच खरवडून काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी बघतात. त्याला दुखत नाही, पण मलमाचा थर असेल तर नीट दिसत नाही. आत गेल्यावर "जांघेत खाज आहे, इतक्या दिवसांपासून आहे, हे हे लावलं" एवढं सरळ बोला. ते तपासायला सांगतील, तेव्हा जागा पूर्ण दाखवा. फक्त पोटावरचा चट्टा दाखवून जांघेतला लपवला तर औषध अपुरं मिळतं. पडदा ओढून घ्या म्हणायला, पुरुष डॉक्टर आहेत का विचारायला हरकत नाही.

बाहेर पडण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: मलम किती दिवस लावायचं, घरच्यांना किंवा रूममधल्यांना तपासायला हवं का, आणि परत कधी यायचं. दिलेल्या तारखेला खाज नसली तरी जा. आणि तुमच्या चिठ्ठीवरची उरलेली ट्यूब रूममधल्या दुसऱ्याला देऊ नका, त्याला सोबत घेऊन दवाखान्यात जा.